जुन्या मुळावर नवी काडी

ताई भर दुपारी झोपेतून उठली, तेव्हा शेडमधल्या झाडाखालच्या टाकीतले पाणी बोटभर खाली गेलेले होते. मी ते पुन्हा भरले. दुसऱ्या दिवशी ती सकाळी उठली. पाणी सकाळी उतरले. मग एकदा ती सूर्यास्ताच्या सुमारास डोळे उघडून बसली आणि टाकीच्या बाजूची काचनळी माझ्या डोळ्यांदेखत रिकामी होऊ लागली. भिंतीपलीकडे अंथरुणावर एक बाई जागी होत होती आणि इथे अंधारात मुळे पाणी पिऊ लागली होती. घरात आपल्याशिवाय आणखी कोणी आहे, हे जसे आधी पाठीला कळते, तसे मला ते कळले.

तासगावच्या बाहेर आमचे बेदाण्याचे शेड आहे. आईवडील गेल्यावर द्राक्षबाग दुसऱ्याच्या हातात गेली. शेड राहिले, आणि शेडला लागून असलेल्या दोन खोल्यांत आम्ही दोघे राहिलो. माझी थोरली बहीण अवंती आणि मी. आमच्या भागात द्राक्षाची वेल स्वतःच्या मुळावर उभी नसते. जमिनीतला खुंट रानटी जातीचा, खारे पाणी पचवणारा. त्यावर हव्या त्या जातीची काडी बांधायची. हे कलम बांधण्यात ताईचा हात धरणारे पंचक्रोशीत कोणी नव्हते. रोपवाटिकेत ती बायकांच्या रांगेत बसायची, तिचे तोंड आणि हात एकाच वेगाने चालायचे, आणि तिने बांधलेली काडी क्वचितच वाळायची.

मग तिच्या डाव्या गालाच्या नसेला ते दुखणे लागले. वारा लागला तरी वीज चमकल्यासारखी कळ डोळ्यापासून हनुवटीपर्यंत जायची. घास चावला की कळ. बोलले की कळ. जी बाई दिवसभर बोलायची, ती ऐन उन्हाळ्यात गालावर शाल घेऊन मुकी बसू लागली. डॉक्टरांच्या गोळ्यांनी कळ अर्धी व्हायची आणि माणूस पाऊण झोपायचे.

औषधी गांजाच्या घरगुती लागवडीचा कायदा झाला, तेव्हा आमच्या शेजारच्या सुभद्राकाकूंनी तो सगळ्यांत आधी हसण्यावारी नेला.

"आता काय बाबा, मजा हाय तुमची," त्या दारातूनच म्हणाल्या. "सरकारच चिलीम भरून देतंय. उद्या गोसावी बसतील रांगेनं तुमच्या शेडापुढं."

ताईने शालीआडून हात वर करून त्यांना गोसाव्यासारखी आशीर्वाद दिल्याची खूण केली. काकू हसल्या, आणि हसता हसता पदराने डोळे पुसू लागल्या. कारण पूर्वीची अवंती असती, तर या वाक्याला तिने चार वाक्ये परत केली असती.

बियाणे घेऊन आल्या डॉक्टर फरीदा नदाफ. एका बियाणे संशोधन केंद्रात त्या काम करत. मूळच्या मिरजेच्या, बोलणे घाईचे, चहा मात्र सावकाश पिणाऱ्या. त्यांनी आणलेल्या वाणाचे नाव होते 'निवांत'.

"नेहमीचं गांजाचं झाड सूर्याकडं बघतं," त्या सांगू लागल्या. "रात्र मोठी होत चालली, की त्याला कळतं, आता फुलायचं. पण लांब उत्तरेकडं एक बुटकी जात आहे. तिथं उन्हाळा अगदी आखूड. रात्रीची वाट बघत बसलं, तर बर्फ यायचा. म्हणून ते झाड सूर्याला विचारतच नाही. आपलं वय मोजतं. पानांत एक बारीकसा रेणू असतो. झाड कोवळं असताना तो भरपूर असतो, पान पान फुटत जाईल तसा कमी कमी होत जातो. संपला, की झाड फुलतं. बाहेर दिवस असो, रात्र असो."

"म्हणजे हट्टी," मी म्हणालो.

"स्वयंपूर्ण म्हणा." त्यांनी ताईकडे पाहिले. "त्या जातीत आम्ही आणखी एक रेणू बसवलाय, नसेची कळ शांत करणारा. तो झाडाच्या चिकात, डोळ्यांना दिसणार नाहीत अशा बारीक पिशव्यांमधून येतो. जिभेखाली थेंब ठेवला, की पिशव्या रक्तात जातात आणि थेट नसेपाशी जाऊन फुटतात. अडचण एकच. बाटलीत भरल्या, की त्या मरतात. ताजा चीक हवा. म्हणून झाड रोग्याच्या घरातच वाढायला हवं."

ते घर मी बांधले. शेडच्या निम्म्या भागाला आतून काळा कागद लावला. बागेतल्या ठिबकच्या जुन्या नळ्या, खत सोडायची टाकी, माशांच्या पेटीला लावतात तसला हवेचा पंप आणि वर एकसारखे जळणारे दिवे. मातीचा कणही नाही. झाड वर उजेडात, मुळे खाली अंधारात, पाण्यात लोंबती. मला माणसांशी बोलणे कधी जमले नाही. पाण्याशी मात्र माझे पटत असे. ते आपल्याला काय हवे, ते न बोलता सांगते.

पहिले झाड हातभर उंच झाल्यावर ताईने त्याच्या पानांवरच्या चिकाचा थेंब जिभेखाली घेतला. दुसऱ्या दिवशी तिने शाल काढली. त्याच्या पुढच्या दिवशी भाकरी चावून खाल्ली. मग ती बोलू लागली, आणि बरेच दिवस थांबलीच नाही.

"निहाऱ्या, किती रे वाळलास! मी गप्प होते तर तूही गप्प? कुणीतरी बोलायला नको का घरात? भिंतीनं बोलायचं काय?"

मी, निहार, तिच्यासमोर बसून नुसता हसत राहिलो.

तिच्या झोपेचे आणि दिवसाचे नाते तुटले आहे, हे आधी काकूंच्या लक्षात आले. ती भर उन्हात गाढ झोपे, संध्याकाळी न्हाऊन अंगण झाडायला घेई. पण थकवा नव्हता, चिडचिड नव्हती. जिची रात्र अनेक महिने कळांनी कुरतडली होती, तिला झोप कधी लागते, यावर हरकत कोण घेणार? काचनळीतल्या पाण्याबद्दल मी कोणालाच सांगितले नाही.

मग झाड फुलले.

मोहर आला तसा शेडमध्ये एक दाट वास भरून राहिला. ओल्या लाकडाचा, लिंबाच्या सालीचा, आणि त्याखाली आणखी कशाचा तरी, ज्याला मला नाव देता आले नाही. त्या दिवसांत ताई इतकी सुंदर दिसू लागली की मला तिच्याकडे पाहायला संकोच वाटे. तिचे केस दाट झाले. तिच्या त्वचेवर एक चमक आली. अंगणात ती तांदूळ निवडत बसलेली असताना मधमाश्या येत. त्या बंद शेडकडे जात नसत. ताईभोवती फिरत, तिच्या मनगटावर उतरत, आणि काही न करता उडून जात.

"आगं, हाकल की त्यांना!" काकू ओरडल्या.

"राहू दे की," ताई म्हणाली. "काही घेत नाहीत बिचाऱ्या. नुसती विचारपूस करून जातात."

त्याच दिवसांत मी तिला ती गोष्ट सांगितली. दक्षिण ध्रुवाजवळच्या आपल्या संशोधन तळावर पाण्यावरची भाजी पिकवण्यासाठी माणूस हवा होता. मी अर्ज केला होता आणि माझी निवड झाली होती. जहाज पुढच्या वर्षी गोव्याहून निघणार होते. एक पूर्ण वर्ष बर्फात. आयुष्यात पहिल्यांदा मी इतकी वाक्ये सलग बोललो असेन.

ताई ऐकत राहिली. मग तिने माझी मान आपल्या दोन्ही तळहातांत धरली.

"जा," ती म्हणाली. "बर्फात मेथी लावणारा पहिला तासगावकर हो. आणि तिथं तरी चार माणसांशी बोल. पेंग्विनशी नको."

त्या संध्याकाळी आम्ही पुष्कळ बोललो. आईबद्दल, ज्या दिवशी बाग गेली त्या दिवसाबद्दल, आणि एकमेकांना न सांगितलेल्या अनेक लहान लहान दुःखांबद्दल. माझ्या आत कित्येक वर्षे बंद असलेले एक दार उघडले गेले, आणि ते उघडण्यासाठी कोणालाही जोर लावावा लागला नाही.

मोहर पिकला. पाने पिवळी पडली. वर्षायू झाड ते, एकदा फुलून मरणारे. त्याचे आयुष्य संपले. मी ते मुळापासून काढले आणि आधीच रुजवलेले दुसरे रोप त्या जागी ठेवले. ताई त्या दुपारी झोपली ती सलग झोपून राहिली. डॉक्टर नदाफांना फोन केला, तर त्या म्हणाल्या, नाडी ठीक असेल तर झोपू द्या. नव्या रोपाला जरा पालवी आली, तेव्हा तिने डोळे उघडले.

"ताई, बर्फात लावायच्या मेथीचं बी मागवलंय मी," मी उत्साहाने म्हणालो.

तिने माझ्याकडे कोऱ्या नजरेने पाहिले. "कसल्या बर्फात?"

मी पुन्हा सांगितले. तिला जहाज आठवत नव्हते. तळ आठवत नव्हता. ती संध्याकाळ आठवत नव्हती. आई आठवत होती, बाग आठवत होती, दुखणेही आठवत होते. परंतु पहिला थेंब घेतल्यापासून झाड काढेपर्यंतचा सारा काळ तिच्यातून गेला होता. कुठे ओरखडाही नव्हता.

दुसऱ्या झाडाच्या मोहरात मी तिला पुन्हा सर्व सांगितले. या वेळी ती रडली. मग डोळे पुसून "जा" म्हणाली. ते झाड काढले, आणि तो "जा" सुद्धा गेला. माझे दुःख खरे होते. पण त्या दुःखाच्या तळाशी दुसरे काहीतरी होते, थंड आणि गुळगुळीत, आणि तिकडे मी पाहत नसे.

डॉक्टर नदाफ आल्या तेव्हा ताई नुकतीच जागी झालेली होती. तिसरे रोप वाढत होते. काचनळीतले पाणी, जहाज, ताईचे दोनदा विसरणे, या वेळी सर्व मी तिच्यासमोरच सांगितले.

"त्या पिशव्यांतून कळेचा रेणू जातो, तसा वय मोजणारा रेणूही जात असणार," डॉक्टर म्हणाल्या. त्यांच्या हातातला चहा निवत चालला होता. "आपला मेंदू प्रत्येक आठवणीवर वेळेचा शिक्का मारतो, म्हणून ती पुन्हा सापडते. अवंतीताई, तुमचा मेंदू शिक्का मारतोय, पण झाडाच्या घड्याळानं. झाड गेलं की घड्याळ गेलं. आठवणी आत असतील, पण त्यांच्यापर्यंत जायची वाट पुसली जाते. हे आम्हाला आधी दिसायला हवं होतं. उंदरांना आम्ही काही विचारलं नव्हतं."

"मग थेंब बंद केले तर?" मी विचारले.

"कळ परत येईल. कदाचित जास्त जोरानं."

ताईने आपल्या बोटांकडे पाहिले. मग म्हणाली, "खुंट काढतो आपण, तिथं चुकतंय."

"म्हणजे?"

"वेल दरसाल नवी होते. फूट नवी, घड नवा. पण खुंट तोच. म्हणून तिला जमीन ठाऊक असते. तुम्ही दर वेळेला मुळासकट उपटताय आणि परत बाळापासून सुरू करताय. मूळ राहू द्या. त्यावर नव्या रोपाची काडी बांधते मी."

डॉक्टर नदाफ गोंधळल्या. "या झाडावर कलम कुणी करत नाही. त्याला तेवढं आयुष्यच नसतं."

"तुमच्याकडं करत नसतील," ताई म्हणाली. "हे तासगाव आहे."

मला ते पटले. आमच्या भागातल्या कोणालाही ते पटले असते. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही खुंटावर विश्वास ठेवत आलो आहोत. जुने मूळ म्हणजे शहाणपण, हे आम्हाला कोणी शिकवावे लागत नाही. वर्षायू झाडाच्या जुन्या मुळाला शहाणपणाखेरीज आणखी काय ठाऊक असते, हा प्रश्न आमच्या मनात आला नाही.

तिसऱ्या झाडाचा मोहर उतरवला, तेव्हा ताईने बुंधा बोटभर उंचीवर कापला, मधोमध चीर दिली, कोवळ्या रोपाच्या शेंड्याची पाचर केली आणि चिरेत बसवली. कितीतरी महिन्यांनंतर तिचे हात पुन्हा त्याच वेगाने चालले. पट्टी गुंडाळताना ती गुणगुणत होती. काडी जगली.

ताई या वेळी लांब झोपली नाही. उठली आणि पहिले वाक्य म्हणाली, "तुझ्या जहाजाची तारीख कळली का रे?"

मी शेडच्या दाराला टेकून लहान मुलासारखा रडलो.

मात्र काडीला दोन पाने होती नव्हती, तोच ती फुलली. बोटाएवढे रोप आणि त्याच्या डोक्यावर त्याच्याहून मोठा, पिकत चाललेला मोहर.

"पाळण्यातल्या पोराला मिशा फुटल्यात बघ," ताई म्हणाली. पण ती हसली नाही.

मुळाने काडीला आपले वय सांगितले होते. तू म्हातारी आहेस, तुझी वेळ झाली आहे, असा निरोप रसातून वर गेला होता आणि त्या अजाण पानांनी तो मानला होता. मोहर वाळला, की ताई नवी काडी बांधी. तीही उगवताच फुले. मूळ मात्र मरत नव्हते. मरण्याच्या वयाला येऊन ते तिथेच थांबले होते आणि पसरत होते. टाकी त्याने भरली. पांढरे, केसांसारखे, तलम. मी झाकण उघडले, की उजेडापासून ते किंचित आक्रसल्यासारखे वाटे.

ताईला आता सर्व आठवत होते. तिला नको तेही आठवू लागले.

"परवा तू झाकण उघडं ठेवलंस," एका सकाळी ती म्हणाली. परवा ती गाढ झोपेत होती. "उजेड फार टोचला."

दुसऱ्यांदा ती म्हणाली, "पहिल्याला तू फार घाईनं उपटलंस रे. दुसऱ्याला नीट काढलंस."

"तुला कसं माहीत? ती झाडं गेली. त्यांचं काहीच उरलं नाही."

"पाणी तेच होतं ना," ती शांतपणे म्हणाली.

ते खरे होते. पाण्याचा तोटा असलेल्या मुलखातली माणसे आम्ही. टाकीतले पाणी मी कधीच पूर्ण बदलले नव्हते, फक्त वरचेवर भरत आलो होतो.

ती शेडमध्ये जाऊन बसू लागली. बादलीत पाय सोडून, दिव्यांकडे तोंड करून. एकदा दिवा दुरुस्त करताना मी तो डावीकडे सरकवला, तर तिचा चेहरा सावकाश डावीकडे वळला. मी तो उजवीकडे नेला. चेहरा परत आला. तिचे डोळे उघडे होते आणि ती माझ्याकडे पाहत नव्हती. मधमाश्या आता येत नसत. काकूही येईनाशा झाल्या. अंगणाच्या टोकाला उभ्या राहून त्या मला म्हणाल्या, "अवंतीच हाय न्हवं आत? हाक मारली तर वळून बघती, पर उशिरा. जणू कुणीतरी तिला सांगतंय, तुला हाक आली म्हणून."

जहाजाची तारीख जवळ आली. गोव्याला नेणारी गाडी ठरली. त्या आठवड्यातल्या एका दुपारी वीज गेली. आमच्याकडे ती जातेच. पंपाला जोडलेली बॅटरी चालू व्हायला हवी होती, ती झाली नाही. मी बाहेर होतो. धावत आलो तेव्हा ताई अंगणात, मोकळ्या हवेत उभी होती आणि तिला श्वास घेता येत नव्हता. ओठ निळे पडले होते. मी टाकीत हात घातला आणि मुळांना हवा मिळावी म्हणून पाणी जोरजोराने ढवळू लागलो. मुळे माझ्या मनगटाभोवती गुंडाळली गेली. त्यांची पकड मऊ होती. बाहेरून ताईचा पहिला दीर्घ श्वास ऐकू आला.

वीज आल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली.

"तू जाऊ नकोस," ती म्हणाली.

"ताई?"

"कोण पाणी भरेल? कोण पंप बघेल? नको जाऊस. इथंच राहा. तुला तरी कुठं जायचंय?"

तिचा आवाज गोड होता. आणि मला, ही गोष्ट मी लिहूनच टाकतो, मोठे सुख झाले. बहीण नको म्हणाली. बहिणीला आता सगळे आठवते, आणि तरीही ती नको म्हणाली. मी गाडी रद्द करण्यासाठी फोन हातात घेतला.

पण फोन लावला तो डॉक्टर नदाफांना.

"मूळ तोडा," त्या सर्व ऐकून म्हणाल्या. "कळ परत येईल, हे नक्की. आठवणी राहतील का, ते मला सांगता येत नाही. या वेळी घड्याळ बराच काळ सलग चाललंय. कदाचित वाट तिच्या स्वतःच्या मेंदूत पक्की झाली असेल. कदाचित सगळंच जाईल. पण न तोडाल, तर काही दिवसांनी हे विचारायला तिथं अवंती असेल का, तेही मला सांगता येत नाही. निर्णय तिचा आहे. तिला विचारा. दिव्यापासून लांब नेऊन विचारा."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ताईला हाताला धरून बाहेर आणले. शेड ओलांडून, अंगण ओलांडून, दुसऱ्याच्या झालेल्या आमच्या बागेच्या बांधापर्यंत. प्रत्येक पावलागणिक ती जड होत गेली. नुकतीच छाटलेली बाग उघडी उभी होती. नुसते खुंट आणि तारेवर आडवे पसरलेले ओलांडे. ऊन तिच्या तोंडावर पडले, आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिने डोळे बारीक केले.

मी तिला डॉक्टरांचे बोलणे सांगितले. काही गाळले नाही.

तिचे हात थरथरू लागले. दातांवर दात वाजू लागले. इतकी भ्यालेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

"नको," ती म्हणाली. "नको, नको, तोडू नको."

"बरं," मी म्हणालो. किती पटकन म्हणालो!

ती थरथरत बांधावर बसली. समोरच्या एका वेलीच्या बुंध्यावर तिने हात ठेवला. त्या जागी कलमाची जुनी गाठ होती. तिचा अंगठा त्या गाठीवरून फिरत राहिला. थरथर थांबली नाही, पण तिच्या चेहऱ्यावर हळूहळू एक नवल उमटले. एखाद्या माणसाला आपल्या अंगावर दुसऱ्याचा सदरा आहे हे कळावे, तसे.

"निहाऱ्या," ती म्हणाली, "मला दुखण्याची भीती कधी वाटायची का रे?"

"नाही. तुला राग यायचा."

"हां. राग यायचा. कंटाळा यायचा. शिव्या द्याव्याशा वाटायच्या आणि देता यायच्या नाहीत, त्याचा आणखी राग." तिने आपला थरथरता हात डोळ्यांसमोर धरला. "मग ही भीती माझी नव्हे. ही त्या मुळाची आहे. मरायच्या वेळेला मी त्याला मरू दिलं नाही, म्हणून ते इतकं भ्यालंय. माझीच करणी."

"मी करतो," मी म्हणालो. "तू इथंच बस."

"गप. कलम बांधलं कुणी?"

ती स्वतः शेडमध्ये गेली. मी मागे होतो. दिव्यांच्या उजेडात येताच तिची पावले अडली; मी तिच्या डोळ्यांवर हात धरला आणि तसेच तिला टाकीपर्यंत नेले. छाटणीची कात्री तिने हाताने चाचपून घेतली. कलमाच्या पट्टीची गाठ शोधली आणि तिच्याखाली कात्री धरली.

"आठवणी गेल्या तर," ती म्हणाली, "आता सांगून ठेवते. जा तू. ऐकलंस? हे मी म्हणते आहे."

कात्री मिटली. आवाज अगदी लहान झाला.

मी तिला उचलून अंथरुणावर नेले. काकूंना बोलावले. त्या आल्या, ताईच्या उशाशी बसल्या आणि तिचे केस विंचरू लागल्या.

उन्हे उतरताना मी शेडमध्ये गेलो. वर काही उरलेले नव्हते. ना काडी, ना पान. ताई भिंतीपलीकडे गाढ झोपेत होती. काचनळीतले पाणी खाली जात होते. मी टाकी तपासली, नळ्या तपासल्या. कुठे गळत नव्हते. कोणीतरी पीत होते. मी दोन्ही हात घालून ते मूळ बाहेर काढले. त्याचे वजन एखाद्या लहान मुलाएवढे होते. बेदाणे वाळवायच्या जाळीवर मी ते उन्हात पसरून ठेवले आणि सूर्य बुडेपर्यंत शेजारी बसून राहिलो, कारण त्याला एकटे सोडणे मला बरे वाटले नाही.

सकाळी गाडीची वेळ होत आली, तेव्हा ताईने डोळे उघडले. पहिल्यांदा तिचा हात हलला. शाल ओढून तिने डावा गाल झाकला. कळ परत आली होती. मग तिने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत काय आहे, ते मला लगेच वाचता येईना, आणि त्या क्षणी माझ्या तळाशी असलेली ती थंड, गुळगुळीत गोष्ट वर आली. ती आशा होती. ताई सर्व विसरली असावी, ही आशा. म्हणजे पुन्हा सांगावे लागेल, पुन्हा विचारावे लागेल, आणि तोवर जहाज निघून जाईल.

"सामान," ती शालीआडून म्हणाली. एका शब्दासाठी तिला डोळे मिटून थांबावे लागले. "कुठंय?"

"कसलं सामान, ताई?" मी म्हणालो.

ती हसली. हसण्याने कळ उठली; तिचे सारे अंग आखडले, काकूंनी तिचा हात घट्ट धरला. कळ ओसरेपर्यंत ती थांबली, आणि मग दुसरी अंगावर घेऊन बोलली.

"भित्र्या," ती म्हणाली. "ऊठ."

मूळ बाहेर जाळीवर रात्रभरात कोमेजून गेले होते. घरात भीती अजून होती, आणि ती कोणाची, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. रस्त्यावर गाडीचा आवाज आला. मी उठलो, आणि मोकळी बॅग पलंगावर ठेवून, काय भरायचे ते ताईला विचारू लागलो. ती बोटाने दाखवत गेली.